र ला र

डोळे आले, म्हणतो आपण,
पाहुणे यावेत तसे.
चार दिवस राहतात, लाल होतात, जातात.
चतुराबाई डोईफोडेचा उजवा
पौषात आला, तुरीच्या मळणीवर,
आणि जायला निघाला तो कायमचाच.

यंत्राच्या तोंडाशी उभी होती ती,
तोंडाला पदर, डोळे उघडे.
भुशाचा एक कण. एवढुसा.
नाव-पत्ता लिहून घेताना मी विचारलं,
मग काय घातलं?
थेंब.
कुठले?
मळणीवाल्याच्या गाडीत असतेत की.

एक बाटली, पाच जणांचे डोळे.
लाली उतरली की बूच लावून परत काचेपाशी,
उन्हात, बिडीच्या कट्ट्याशेजारी,
पुढच्या गावापर्यंत.
मागच्या साली असलेच दोन थेंब
शेळीच्या डोळ्यात घातले होते.
शेळी बरी झाली,
हे तिनं मुद्दाम सांगितलं.

मी अंबाजोगाईच्या दवाखान्यात, तळमजल्यावर.
आमचे हे जंतू पाळतात,
असं बायको सांगते पाहुण्यांना.
तिच्या बुबुळावरून खरवडलेलं
बुधवारी दुपारी आलं माझ्याकडे,
नखाच्या कडेवर मावेल एवढं.
रात्रभर उबेला ठेवलं.
सकाळी झाकण उचललं
आणि द्राक्षांचा वास आला.

हिरवट झाक, ओली चमक.
या वासाला मी भितो.
माघात गाडे लागतात मंडीबाजारात,
बायको म्हणते, घ्या ना अर्धा किलो.
आंबट असतील, म्हणतो मी
आणि पुढं चालतो.

मग चकत्या मांडल्या.
कागदाच्या, टिकलीएवढ्या,
प्रत्येकीत एकेक औषध मुरवलेलं.
औषध लागू असलं तर जंतू मागे सरतात,
चकतीभोवती स्वच्छ गोल सोडतात,
चंद्राला खळं पडतं तसा.
खळंच म्हणायचो आम्ही त्या गोलाला,
आणि जिथं बैल फिरायचे त्यालाही.
आता यंत्र फिरतं गावोगाव.
चतुराबाईच्या बशीतही खळी नव्हती.
पहिल्या चकतीला खेटून पीक,
दुसरीच्या अंगावर चढलेलं,
आणि जे औषध गाडीतल्या बाटलीत होतं
ते तर त्यांनी उशाला घेतलेलं.

साहेब इंग्रजीत लिहितात.
मी आधी कच्च्या वहीत,
रेसिस्टंटचा र.
र. र. र. र.
पहिलीला गुरुजी ओरडायचे,
नुसता र ला र जोडू नकोस, नीट वाच.
नीटच वाचतोय गुरुजी,
पट्टी लावून, मिलिमीटर मोजून.

अकराव्या चकतीला होतं.
बारकं, काठ दातरलेला, पण खळं.
दोनदा मोजलं. मग धावत जिना चढलो,
चप्पल मधल्या पायरीवर राहिली.

ते औषध शिरेतून द्यायचं, मूत्रपिंडाला जड.
इथं त्याचे थेंब कालवले,
दर तासाला एक, रात्रीचेही.
लेक निर्गुणा कॉटखाली बसून,
मोबाइलचा गजर लावून.
गजर झाला की अख्खा वॉर्ड कूस बदलायचा.
एकदा तिचा डोळा लागला
तर शेजारच्या म्हातारीनं हाक मारली,
ऊठ गं, आईच्या डोळ्याची वेळ झाली.

सतराव्या दिवशी फूल पडलं.
जखम भरली, बुबुळावर पांढरं राहिलं.
कुणी पहिल्यांदा म्हटलं असेल त्याला फूल?
धुकट धुकट दिसायलंय, म्हणाली,
पण माणूस कळतंय.
तुम्ही चष्म्याचे, ना?

घरी जाताना पिशवी आवरली.
डबा, चादर, कागद.
मग बाटली उजेडात धरून
डाव्या डोळ्यानं बघितली.
निम्मी उरली की हो.
नेऊ का? मळणीवर कुणाला लागली तर?

मी हात पुढं केला.
तिनं बाटली
लगेच दिली नाही.